मला ऐकू न आलेली शीळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकांना नाही, आणि रविवारी डोळे मिटून मान खाली घालतो तेव्हा देवालाही नाही — त्याला ठाऊक असणार, पण माझ्या तोंडून ते निघालेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असता तर आतासुद्धा मी तुमच्या गाडीची चौकशी केली असती, ॲव्हरेज काय देते विचारलं असतं, आणि विषय बदलला असता. त्यात मी पटाईत आहे.

शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. मागे घर, पुढे गॅरेज, मध्ये एक कडुनिंब. पाटीवर माझं नाव शमुवेल असं आहे, पण त्या नावानं फक्त मिशन कंपाउंडमधले लोक हाक मारतात. बाकी सगळ्यांचा मी ‘कानवाले मिस्त्री’. दुधाच्या, कांद्याच्या, फुलांच्या — या पट्ट्यातल्या निम्म्या पिकअप माझ्याकडे येतात, आणि त्या का येतात तर मी कॉम्प्युटर न लावता, इंजिन न उघडता, नुसत्या कानानं सांगतो म्हणून. लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचं — टॅपेट आहे, पंप आहे, तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर आहे. लोक बघत राहायचे. मला ते बघत राहणं आवडायचं, हेही सांगून टाकतो.

हे वडिलांकडून आलं. ते दौंडला रेल्वेत होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या कडेनं चालायचे, प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचे आणि ऐकायचे. चाक धड असलं की खणखणीत वाजतं, तडा असला की बद्द. लहानपणी मी त्यांच्या मागे मागे जायचो. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे — नीट कळलं नाही तर परत ठोका मार, नाहीतर दुसऱ्याला बोलव, त्यात लाज कसली, गाडीत माणसं बसलीत.

मला ही गोष्ट पाठ आहे. नुसती पाठ आहे.

माझे कान गेले. हे म्हणायलाच मला इतकी वर्षं लागली, बघा. सगळे आवाज गेले नाहीत. ट्रकचा हॉर्न येतो, बायकोची हाक येते, पायाशी जड वस्तू पडली तर ऐकू येते. गेले ते बारीक आवाज. चिमण्या, मोबाइलची टुणटुण, कुकरची शिट्टी. ग्राइंडर आणि कॉम्प्रेसरच्या शेजारी आयुष्य काढलं, कानात बोळा घालणं आमच्या धंद्यात बायकी समजतात. मला कधी कळलं, ते मात्र लख्ख आठवतं. रविवारची उपासना चालू होती, आमच्याकडे भजनं पेटी-ढोलकीवर म्हणतात. झांज माझी बायको रूथ वाजवते. मी तिच्याकडे बघत होतो. तिचे दोन्ही हात एकमेकांवर येत होते, झांज झांजेवर आदळत होती — आणि आवाज नव्हता. ढोलकी होती, पेटी होती, माणसांचं गाणं होतं. झांज नव्हती. मला वाटलं ती मुद्दाम हळू वाजवतेय. मग शेजारच्या बाईनं कानाला हात लावून तिला जरा दमानं म्हणून खूण केली.

कानवाल्या मिस्त्रीचे कान गेले, तर उरलं काय? वाले मिस्त्री?

रूथला पार्ट आणायला जातो म्हणून सांगून पुण्याला एका डॉक्टरकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. मी काय केलं सांगू? काचेपलीकडे बसलेल्या मुलीचा खांदा मी बघत राहिलो. तिनं मशीनवर हात हलवला की खांदा हलायचा, आणि खांदा हलला की मी बटण दाबायचो. स्वतःच्या कानांची परीक्षा, आणि त्यातही कॉपी केली. डॉक्टर हुशार होते, कागद बघून हसले, म्हणाले पुढच्या वेळी तोंड भिंतीकडे करून बसा. मी पुढच्या वेळी गेलोच नाही.

मग मी एक युक्ती काढली. गाडीवाला आला की म्हणायचं, आधी तोंडानं आवाज काढून दाखव. लोकांना वाटायचं मिस्त्रींची गंमत. पण काय काढायचे एकेक! कारेगावचा एक टेंपोवाला गाल फुगवून सायलेन्सरची फडफड अशी काढायचा की रस्त्यानं जाणारे थांबायचे. एक निवृत्त गुरुजी टाळूला जीभ लावून टॅपेटची टकटक काढायचे, अगदी लयीत. गॅरेजमध्ये हशा पिकायचा. आणि मी त्या हशाच्या आडून त्यांचं तोंड बघायचो, ओठ, गाल, जीभ, आणि त्यावरून ओळखायचो. माणसाला येत असलेला आवाज तो तोंडानं खाली उतरवून देतो, माझ्या कानाला पोचेल इतका. इतकी वर्षं मी इंजिन ऐकलेलं नाही. मी माणसं ऐकली. पुष्कळदा बरोबर यायचं, आणि बरोबर आलं की माझं नाव आणखी दोन गावं पुढं जायचं. चूक झाली तर? गाडी परत यायची, आणि मी म्हणायचो — आता दुसरंच काहीतरी निघालं. गाडीला काय, निघतच असतं काहीतरी.

आता दिगंबरचं सांगायला हवं. मी टाळतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

दिगंबर न्हावऱ्याचा. तिथल्या एका बागायतदारांच्या पिकअपवर तो ड्रायव्हर होता. त्या मालकांना सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. झेंडू, शेवंती, भाजीपाला, जे निघेल ते दिगंबर बाजारात पोचवायचा. बोलका माणूस. गाडी चालवताना शेजारी बसलेल्याशी अखंड गप्पा, आणि कुणी नसलं तर गाडीशी. समोरचे वरचे दात नव्हते त्याला — तरुणपणी डिझेल इंजिनाचं हँडल उलटं फिरून तोंडावर बसलं होतं. त्यामुळे हसला की सगळा मोकळा हसायचा.

एका सकाळी तो गाडी घेऊन आला. आप्पांच्या भाचीचा साखरपुडा होता दौंडला. मागे झेंडूचे क्रेट, पुढे काकी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, नव्या लुगड्यात. आप्पा स्वतः मोटरसायकलवर मागून आलेले. दिगंबर म्हणाला, गाडी गरम झाली की आवाज येतो, जरा बघता का, पूल ओलांडून लांब जायचंय. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, काढून दाखव.

त्यानं ओठ पुढं केले आणि फुंकर मारली. दात नाहीत, शीळ कुठून वाजणार? सुस्स, सुस्स, एवढंच आलं. हवा नुसती. काकी हसल्या, आप्पा हसले, दिगंबरही हसला आणि म्हणाला, “तसा न्हाई ओ मिस्त्री, बारीक हाय. मला जमंना.”

त्याला शीळ घालायची होती. हे मला नंतर कळलं, किंवा तेव्हाच कळलं होतं आणि मी कळू दिलं नाही. मी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, पेचकस घेतला, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. काहीही नाही. इंजिनाची धडधड, बस्स. पेचकस पुढच्या झाकणावर सरकवला. तिथं आवाज नव्हता, पण हाडात काहीतरी खरखरलं. जबड्यापर्यंत आलं. मला जाणवलं ते. आजही जाणवतं.

त्या झाकणामागे एक दात्यांचा पट्टा असतो, टायमिंग बेल्ट. त्याला ताणून धरणारी एक छोटी चकती, तिला आम्ही टेन्शनर म्हणतो, आणि तिच्या पोटात बेअरिंग. ते बेअरिंग कोरडं पडलं की आधी बारीक शीळ घालतं. पुष्कळ दिवस घालतं, बिचारं. मग अडकतं. ते अडकलं की पट्टा तुटतो, आणि पट्टा तुटला की इंजिन चालत्या गाडीत जागच्या जागी मरतं. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. झाकण खोलून बघायला हवं होतं. पण खोलायला निम्मा दिवस गेला असता, साखरपुडा चुकला असता, आणि आत काही निघालं नसतं तर? आप्पा म्हणाले असते, मिस्त्री, तुम्हाला ऐकून कळलं नाही?

तेवढ्यात रूथ चहा घेऊन आली. ट्रे हातात धरून गाडीजवळ थांबली, मान जरा वाकडी केली आणि म्हणाली, “अहो, ही गाडी शीळ घालतेय. त्या झाकणातून येतीय.”

मी काय करायला हवं होतं? वडिलांनी सांगितलं होतं, दुसऱ्याला बोलव. इथं तर दुसरं माणूस न बोलावता आलं होतं. आणि मी — चारचौघांत, काकींच्या देखत — तिला म्हणालो, “चहा ठेव आणि आत जा. गाडीतलं तुला काय कळतंय?”

ती रागावली नाही. कप एकेकाच्या हातात दिला आणि आत गेली. त्या दिवसापासून ती कधी बॉनेटजवळ आलेली नाही.

मी बाहेरून दिसणारा फॅनबेल्ट थोडा आवळला. मोठ्यानं म्हणालो, बेल्ट सैल होता, घसरत होता, जा बिनधास्त. बिनधास्त हा शब्द मी वापरला. दिगंबरनं हात केला आणि गाडी न्हावऱ्याच्या दिशेनं गेली. मी पाना हातात घेऊन तिथंच उभा राहिलो. त्यांच्यामागे जावं असं वाटलं. माझी मोटरसायकल समोर होती. किल्ली खिशात होती. गेलो असतो तर न्हावऱ्याच्या चौकात गाठलं असतं. मी दुसऱ्या गाडीखाली जाऊन झोपलो आणि तिचं ऑइल काढत बसलो.

न्हावऱ्याच्या पुढं भीमेच्या पुलाकडं रस्ता उतरतो. तिथं इंजिन मेलं. इंजिन मेलं की पिकअपच्या ब्रेकची ताकद जाते, पेडल पायाखाली दगड होतं. स्टेअरिंग वळता वळत नाही. समोर उसाची ट्रॉली पुलावर चढत होती. दिगंबरनं हँडब्रेक ओढला, दोन्ही हातांनी स्टेअरिंग पिळलं आणि गाडी रस्त्याकडेच्या बाभळीत घातली. दुसरा कुणी असता तर ट्रॉलीत गेला असता किंवा नदीत. त्याचं मनगट मोडलं. काकींचा गुडघा डॅशबोर्डवर आदळला. त्या अजून काठी घेऊन चालतात.

आप्पांचा फोन आला. फोनवर ते काय म्हणाले ते मला निम्मंच ऐकू आलं, पण मला ऐकायची गरज नव्हती. मी गेलो. काकींना दवाखान्यात हलवलं होतं. रस्ताभर झेंडू सांडला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या तो तुडवत होत्या. दिगंबर बांधावर बसला होता, मनगटाला उपरणं गुंडाळून, दवाखान्यात जायला तयार नव्हता. मिस्त्री येऊ द्या, म्हणे, काय झालं ते मला कळू द्या.

मी झाकण खोललं. पट्ट्याच्या चिंध्या झाल्या होत्या. टेन्शनरचं बेअरिंग जळून निळं पडलं होतं. मी माझ्या पाठीनं आड करून ते काढलं आणि खिशात टाकलं. गरम होतं, मांडीला चटका बसला. मग मी वळलो. आप्पा माझ्याकडे बघत होते. दिगंबर माझ्याकडे बघत होता. पुलावरून वारा येत होता, आणि मी इतका घाबरलो होतो की मला माझा आवाज दुसऱ्याचा वाटला.

मी म्हणालो, “गाडी तापली आप्पा. काटा वर गेला असणार. ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं.”

एवढंच. तीन वाक्यं. आप्पांनी दिगंबरला विचारलं, काट्याकडं बघितलं होतंस का? आणि दिगंबरनं — तो खोटं बोलू शकला असता, व्हय म्हणाला असता तर कुणी काय करणार होतं? — तो जरा विचार करून म्हणाला, “काकींशी बोलत व्हतो आप्पा. न्हाई बघितलं. मिस्त्री म्हंत्यात तर तसंच असंल.”

त्याच्या तोंडची ती बडबड मी त्याच्यावरच उलटवली. मला माहीत होतं तो गप्पा मारत असणार. सुचलंच कसं, असं मी स्वतःला विचारतो. काही शोधावं लागलं नाही. अगदी तयार असल्यासारखं आलं.

आप्पांनी त्याला कामावरून काढलं. शिव्या दिल्या नाहीत, आप्पा तसे नाहीत, पण काकींचा गुडघा बघितल्यावर त्याला गाडीवर ठेवणं त्यांना जमलं नाही. न्हावऱ्यात काय पसरायचं ते पसरलं. गप्पांच्या नादात गाडी घालवली, काकींना अधू केलं. पुष्कळ दिवस त्याला कुणी गाडी दिली नाही, तो लोकांच्या उसाला पाणी धरत हिंडायचा. भेटला की मला रामराम करायचा. मला! आणि मी त्याला चहा पाजायचो. तुम्हाला वाटेल चहा पाजून मी मन हलकं करत होतो. नाही. तो काही बोलतोय का, त्याला संशय आलाय का, हे बघायला मी त्याला समोर बसवत होतो.

पट्ट्याच्या चिंध्या मी आंघोळीच्या बंबात जाळल्या. बेअरिंग का जाळलं नाही, फेकलं का नाही? घोड नदी काही लांब नाही. पण ते माझ्या फळीवर एका डब्यात पडून आहे. गॅरेजमध्ये कुणी नसलं की मी ते बोटांत धरून फिरवतो. अडखळतं, खरखरतं, बोटांना सगळं कळतं. कानाला काही नाही.

रूथला माहीत आहे का? एका घरात राहतो आम्ही. गेली कित्येक वर्षं ती मला पाठीमागून काही सांगत नाही, समोर येऊन उभी राहते आणि मग बोलते. कुकरच्या शिट्ट्या मोजायला मला ठेवत नाही. त्या दिवशीची शीळ तिनं ऐकली होती आणि संध्याकाळी पुलावरची बातमीही ऐकली होती. मी ताटावर बसलो तेव्हा तिनं वाढलं, आणि एवढंच विचारलं की काकींना कुठल्या दवाखान्यात नेलंय. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली. बाकी तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? मला खात्री नाही. बहुतेक तिलाही नव्हती.

हे सगळं जुनं आहे. मी ते तसंच मुरवत ठेवलं असतं. पण या हंगामात दिगंबर परत आला.

आता त्याच्याकडे दुसऱ्या एका माणसाची पिकअप आहे. न्हावऱ्यातून बायका गोळा करतो आणि कवठे येमाईच्या बाजूला कांदा काढायला नेतो. मागे उभ्या असतात सगळ्या, एकमेकींना धरून, डोक्याला फडकी बांधून. तो गाडी लावून उतरला आणि हसला, आणि मी चमकलो. त्याला दात होते. मुलीच्या लग्नात फोटो नीट यावेत म्हणून कवळी बसवून घेतली, म्हणाला. लाजत होता. मग म्हणाला, “मिस्त्री, एक आवाज येतोय. आता काढून दाखवतो बगा, आता जमतंय.”

त्यानं ओठ पुढं केले. गाल आत गेले. गळ्याची शीर ताठ झाली. शीळ घालत होता तो, नीट, लांबच लांब, छान जमली म्हणून डोळ्यांत मजा होती त्याच्या. पलीकडे झाडाखालचं कुत्रं उठून बसलं आणि त्यानं कान टवकारले.

मला काही ऐकू आलं नाही.

कुत्र्याला आलं, मला आलं नाही. त्या क्षणी मला पूल दिसला, ट्रॉली दिसली, आणि मागे उभ्या असलेल्या बायका दिसल्या. आणि तरी, ऐका, तरी माझा हात फॅनबेल्टच्या पान्याकडे गेला. सवयीनं गेला. तोंडात वाक्यसुद्धा आलं होतं. बेल्ट सैल आहे, जा.

मी पाना खाली ठेवला आणि रूथला हाक मारली. ती दारात आली. मी म्हटलं, जरा ऐक. काय ऐक, कुठं ऐक, काही बोललो नाही. ती पायरीवरच थांबली, खाली उतरली नाही. पदराला हात पुसत थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “पुढच्या झाकणातून. त्या दिवशीसारखीच.”

आणि आत गेली.

दिगंबरनं ते ऐकलं. पण त्याला कुठला दिवस ते कळलं नाही, कसं कळणार? मी झाकण खोललं. बेअरिंग कोरडं ठणठणीत होतं, अजून निळं पडलं नव्हतं. नवं बसवलं, पट्टाही बदलला. दिगंबर शेजारी बसून बघत होता आणि कौतुक करत होता — मिस्त्री, बायकोचेबी कान तयार केलेत तुम्ही. मी हसलो. हो, तेही केलं, हसलो.

काम झाल्यावर ट्रायल मारायला आम्ही दोघं निघालो. तो चालवत होता, मी शेजारी. मी वाट बघत होतो तो आता काहीतरी बोलेल — पोरीचं, जावयाचं, कांद्याचं. तो बोलला नाही. अवाक्षर नाही. आधी वाटलं, रस्ता खराब आहे. मग माझं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे गेलं. रस्ता बघायचा आणि खाली काटा बघायचा. रस्ता, काटा. रस्ता, काटा. गाडी तापलीय का दाखवणारा तो एवढासा काटा, मधोमध शांत उभा, आणि हा माणूस त्याच्यावरून डोळे काढत नव्हता. वळणावर समोर बैलगाडी आली, उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, भरलेली. रस्ता बघायचा सोडून तो काट्याकडे बघत होता.

मी ओरडलो. त्यानं ब्रेक दाबला. ब्रेक लागले, गाडी बैलगाडीच्या मागे, अगदी मागे जाऊन थांबली. वाढ्याची पानं काचेला लागली होती. 

दिगंबर शांत होता. घाम पुसून म्हणाला, “काट्याकडं बगत व्हतो. तवापास्नं सवयच लागलीया. काकींचा पाय गेला माझ्यामुळं, आता ह्या येवढ्या बाया असत्यात मागं. तुम्ही त्या दिवशी सांगितलं म्हनून कळलं तरी, न्हाईतर मी तसाच चालवीत ऱ्हायलो असतो.”

माझ्या खिशात त्याच्या गाडीचं आताच काढलेलं बेअरिंग होतं. मी ते मुठीत धरलं होतं. तोंड उघडायचं होतं, बस्स. पाच शब्द पुरले असते — दिगंबर, तुझी काही चूक नव्हती. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. बैलगाडी पुढं निघून गेली होती. मी म्हणालो, चल, वळव आता, उशीर होतोय.

त्यानं गाडी वळवली. गॅरेजपाशी सोडताना त्यानं माझे हात हातात घेतले.

का बोललो नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण सांगायला लागलो की त्यात मला काहीतरी बरं सापडेल. मी घाबरलो. पुलावर घाबरलो होतो तसाच. डब्यात आता दोन बेअरिंगं आहेत.

कांद्याचा हंगाम अजून चालू आहे. रोज सकाळी दिगंबरची पिकअप गॅरेजवरून जाते. तिचा आवाज मला येतो, मोठा आहे तेवढा येतो. मी कडुनिंबाखाली जाऊन उभा राहतो. मागे बायका असतात, काही जणी गात असतात असं त्यांच्या तोंडांवरून दिसतं. दिगंबर मला बघून हात वर करतो. मीही करतो. मग त्याचा हात खाली येतो, आणि त्याची नजर रस्त्यावर जायच्या आधी काट्यावर जाते.